वायपरचं पाणी

बॉनेट उघडलं की मला एकच गोष्ट ओळखू येते. कारंज्याचं चित्र असलेलं निळं झाकण. बाकी सगळा प्रांत गॅरेजवाल्याचा. गाडी घेतली तेव्हा शोरूममधला मुलगा त्या झाकणाकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, इथे फक्त पाणी." कुठलं पाणी, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता ठाण्यात, तेही घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारायलाच हवा होता. आमच्याकडे नळाला कधी महापालिकेचं पाणी असतं, कधी टँकरचं, कधी बोअरचं. चहाची चव बदलली की आज कुठलं आलंय ते कळतं. त्यात घरचा आरओ बादलीभर पाणी फेकून देतो. त्या पाण्याने आम्ही लादी पुसतो. म्हटलं, गाडीच्या टाकीत मावतं अडीच लिटर, तेवढं यातूनच भागवू. काटकसरीचं कौतुक करून घ्यायलाही बरं.

दोन महिन्यांत डावीकडचा फवारा बंद पडला आणि उजवीकडचा लाळ गाळायला लागला. काचेवर पांढरे ठिपके धरले ते वेगळेच. बायकोने साडीची पिन आणली आणि मी ती नोझलच्या भोकात हळूच फिरवली. पिनेच्या टोकाला पांढरा चुरा आला. गिझरच्या कॉइलवर खपली धरते ना, अगदी तसा. मग उत्साहाच्या भरात फवारा मारून पाहिला, तर पिनेने दिशाच बदललेली. पाणी काचेला न शिवता टपावरून थेट वॉचमनकाकांच्या अंगावर.

डोक्यात उजेड पडला तो त्यानंतर. आरओ पाण्यातले क्षार अडवतो, पण ते जातात कुठे? त्या फेकलेल्या पाण्यातच. म्हणजे जे क्षार आपल्या पोटात जाऊ नयेत म्हणून मशीनला पैसे मोजले, तेच मी जपून साठवून गाडीला पाजत होतो.

दुसरा प्रयोग शॅम्पूचा. जूनचा पहिला पाऊस, बोरघाट, पुढे ट्रक. पहिल्या पावसात रस्त्यावरचं महिन्यांचं तेल आणि धूळ एकत्र उठते आणि काचेवर जो राप बसतो तो नुसत्या वायपरने निघत नाही, फक्त पसरतो. मी ऐटीत दांडी ओढली. काचेवर फेसच फेस. दाढीला बसल्यासारखी गाडी. ट्रकच्या दोन लाल दिव्यांचे दहा झाले.

"शॅम्पू कुठला घातलास?" बायको.

"तुझा. केसगळतीवरचा."

"बरं झालं. निदान काच तरी गळणार नाही."

पुढे पाऊस वाढला म्हणून सुटलो. शॅम्पू फेस येण्यासाठीच केलेला असतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला घाट चढावा लागला. भांड्यांच्या साबणाचंही तेच.

कॅनडातल्या मामेभावाला ही कथा सांगितली तर त्याला पाण्याचंच हसू आलं. तिकडे हिवाळ्यात साधं पाणी घातलं की नळीत बर्फ होतो, कधी टाकीच तडकते. ते लोक उणे 40 अंशांपर्यंत न गोठणारं निळं द्रव कॅन भरभरून आणतात. त्यात मेथेनॉल असतं. आपल्याकडे विषारी दारूत माणसं दगावतात, ते हेच. ठाण्यात गोठायची भीती नाही, तेव्हा ते विष घरात आणायचं काही कारण नाही.

सध्या मी एसीच्या पाण्यावर स्थिरावलोय. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून थेंब पडतात, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतातच. कॉइलवरची धूळ मात्र येते, म्हणून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेतो. त्यात बाजारात मिळणाऱ्या वॉशर लिक्विडचं एक टोपण, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. किडे चिकटलेले असले तरी दोन फवाऱ्यांत काच लख्ख. दमट रात्री गॅलरीतली बादली सकाळपर्यंत चांगली अर्धी भरते.

गेल्या रविवारी टाकी भरायला गेलो तर बादली कोरडी. बायकोच्या मनी प्लांटची माती मात्र ओलीचिंब होती.