चढावर तापणारी पिकअप

ही पिकअप माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात रेडिएटर नवा होता, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) नवा होता, वॉटर पंपसुद्धा नवा होता. तरी गाडी तापतच होती. चालकाने काढलेले जुने पार्ट एका गोणीत भरून आणले होते. गोणी खाली ठेवत तो म्हणाला, "मेस्त्री, आता हेड उतरवायला सांगतायत. उतरवू का?"

गाडी जुनी, डिझेल इंजिनाची, एसी नसलेली आणि त्याच्या स्वतःच्या मालकीची. माल वाहायचा, त्यावर घर चालवायचं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं म्हणजे गाडी उभी राहणार आणि कमाईही थांबणार. मी म्हटलं, "दादा, हेडाचं नंतर बघू. आधी सांगा, तापते कधी?"

"कायमच तापते."

हे उत्तर बहुतेक सगळेच देतात. त्यात त्यांची काही चूक नसते. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की माणूस इतका घाबरतो की त्याला बाकीचं काही आठवत नाही. मी एकेक करून विचारत गेलो. गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते? नाही. रिकामी पळवली तर? नाही. सपाट रस्त्यावर माल घेऊन? थोडा काटा सरकतो, पण परत येतो. आणि चढावर? चढ लागला, खालचा गिअर टाकला, रेस वाढली, की काटा भराभर वर. मग तो गाडी बाजूला घेतो, इंजिन चालूच ठेवतो, आणि काही मिनिटांत काटा आपोआप खाली येतो.

शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं.

उभी राहिल्यावर थंड होणारी गाडी म्हणजे तिचा पंखा ठीक आहे. पंख्याचा क्लच गेला असता, किंवा पंख्याभोवतालचं कव्हर तुटलं असतं, तर नेमकं उलट झालं असतं. उभी असताना तापली असती आणि पळायला लागल्यावर वाऱ्याने थंड झाली असती. वेगात आणि लोडवर तापते, तेव्हा बहुतेक वेळा गडबड पाण्याच्या फिरण्यात असते. इंजिन जेवढी उष्णता टाकतंय तेवढी उचलून रेडिएटरपर्यंत नेण्याइतकं पाणी फिरत नाही. आता फिरण्याच्या वाटेवरच्या तिन्ही मुख्य वस्तू नव्या, म्हणून आधीच्या माणसाने हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडाखालच्या सीलवर, बोट ठेवलं. त्याचा तर्क अगदीच वेडा नव्हता. गॅस्केट फुटलं तर सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतो, पाणी बाहेर ढकलतो, आणि हे लोडवरच जास्त होतं. पण तर्क बरोबर वाटला तरी गाडीत त्याचा पुरावा सापडायला हवा.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे मी प्रत्येक हेल्परला पहिल्याच दिवशी सांगतो. आत दाबाखाली असलेलं शंभर अंशांच्या वरचं पाणी झाकण सैल होताक्षणी उकळून अंगावर येतं. चेहरा आणि हात भाजलेले लोक मी पाहिले आहेत.

थंड झाल्यावर डिपस्टिक काढली. ऑइल स्वच्छ, पाणी मिसळल्यावर दिसते ती पांढरट साय कुठे नाही. ऑइल भरायच्या झाकणाखालीही काही नाही. रेडिएटरच्या तोंडावर प्रेशर टेस्टर बसवला आणि थंड इंजिन स्टार्ट केलं. गॅस्केट फुटलेलं असेल तर पाणी तापायच्या आधीच, स्टार्ट केल्याकेल्या टेस्टरचा काटा चढायला लागतो. इथे काटा हलला नाही. टेस्टर काढून पाण्याकडे बघत राहिलो, बुडबुड्यांची धार नव्हती. निळ्या द्रवाची चाचणीही केली. जळका वायू लागला की ते निळं पाणी हिरवट-पिवळं होतं. ते निळंच राहिलं. डिझेल इंजिनात या चाचणीवर एकट्याने विसंबू नये, कारण नुसत्या आयडलवर, म्हणजे रेस न देता, डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि लहानशी गळती सुटून जाऊ शकते. पण सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवत होत्या, की गॅस्केटचा यात संबंध दिसत नाही.

थर्मोस्टॅट काढून भांड्यातल्या पाण्यात टांगला आणि थर्मामीटर लावला. अंगावर 82 (अंश) लिहिलेलं होतं, साधारण तेवढ्यालाच उघडायला लागला आणि पुढे पूर्ण उघडला. परत बसवला.

मग टेस्टरवर रेडिएटरचं झाकण लावलं. त्यावर 0.9 छापलेलं, म्हणजे 0.9 बार दाब धरायला हवा. ते जेमतेम 0.3 ला सोडून देत होतं. रबर कडक होऊन चिरलं होतं. रेडिएटर नवा घातला, पण झाकण जुनंच चढवलं होतं. पाण्याचं झाकण म्हणजे नुसतं बूच, असं समजून लोक ते सोडून देतात. या झाकणामुळेच साधं पाणी शंभरऐवजी साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि अर्धं कूलंट अर्धं पाणी असेल तर ही मर्यादा सव्वाशेच्या आसपास जाते. झाकणाने दाब धरला नाही तर ही सगळी सवलत गेली.

इथे काम संपवता आलं असतं. झाकण बदला, गाडी द्या. पण माझ्या मनाला पटेना. झाकण खराब असेल तर पाणी लवकर उकळेल, बाहेर फेकलं जाईल. पण काटा इतक्या भराभर का चढतो आणि गाडी उभी केली की इतका लवकर का उतरतो, याचं उत्तर त्यातून पूर्ण मिळत नव्हतं. आणि या माणसाला आता आणखी एक 'नवा घातला, तरी तापते' द्यायची माझी तयारी नव्हती.

म्हणून झाकण मुद्दाम तेच ठेवलं, गाडीत लोड टाकला आणि त्याच्याच शेजारी बसून चढावर गेलो. खालच्या गिअरमध्ये, चढत्या रेसवर काटा खरोखरच डोळ्यांदेखत वर जायला लागला. लाल पट्ट्याच्या अलीकडेच गाडी थांबवायला लावली, बॉनेट उघडलं आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला. हे यंत्र चकचकीत धातूवर चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून मी नेहमी रबराच्या पाइपवर किंवा काळी टेप लावलेल्या जागी मोजतो. वरचा पाइप शंभराच्या वर होता. रेडिएटरची खालची बाजू साठच्या आसपास.

हा फरक फार मोठा. वारा कमी पडत असता तर खालची बाजूही तापलेली मिळाली असती. इथे रेडिएटर आपलं काम नीट करत होता, पाणी थंड करून खाली ठेवत होता, पण ते थंड पाणी इंजिनपर्यंत पोचत नव्हतं. खालून पंपापर्यंत जाणारी वाट एकच, खालचा होस पाइप. बॉनेट उघडेपर्यंत मात्र तो गोल, भरलेला, कुठेही संशय येणार नाही असा होता.

इंजिन गरम होतं, थर्मोस्टॅट उघडा होता. हे महत्त्वाचं, कारण थर्मोस्टॅट बंद असेल तर पाणी बायपासने, म्हणजे आडवाटेने, इंजिनातच फिरतं आणि खालच्या पाइपावर ओढ येतच नाही. थंड इंजिनावर कितीही रेस केली असती तरी काही दिसलं नसतं. चालकाला म्हटलं, "न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, आणि हळूहळू रेस वाढवत न्या. मी हात केला की तिथेच धरा." टॉर्च घेऊन मी बाजूने वाकलो, पंख्यापासून बाही आणि हात लांब ठेवून.

मिनिटाला दोन हजार फेऱ्यांपर्यंत काही नाही. त्याच्या पुढे पाइपाच्या वळणावर एक खळगा पडला. रेस आणखी वाढली तसा तो खळगा लांबत गेला, आणि घट्ट शेक ओढताना कागदी स्ट्रॉ चपटी व्हावी तसा अख्खा पाइप आत ओढला गेला. दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या. मी हात केला. नंतर रेस सोडायला सांगितली. एक बारीक 'फट्' आवाज आला आणि पाइप पुन्हा गोल.

चालकाला खाली बोलावून पुन्हा दाखवलं. रेस या वेळी मी धरली. तो बराच वेळ पाइपाकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी बॉनेट उघडायचो तेव्हा हा नीट व्हायचा?" तसंच होतं. दोष फक्त पळत्या गाडीत होता आणि बघणारा माणूस नेहमी उभ्या गाडीत बघत होता.

कारण कळायला गॅरेजात पाइप काढावा लागला. खालच्या पाइपावर पंपाची ओढ असते. म्हणून बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग बसवलेली असते, किंवा पाइपच जाड, आत विणलेल्या धाग्यांचा असतो. या पाइपात स्प्रिंग नव्हती. पंप बदलताना कोणीतरी मूळ पाइप टाकून साधा मऊ पाइप कापून बसवला होता. गोणीतल्या सामानात तो मूळ पाइप सापडला. आतली स्प्रिंग गंजून तिचे तुकडे झाले होते. झाकण चांगलं असतं तर आतला दाब पाइपाला आतून फुगवून धरत राहिला असता आणि मऊ पाइपसुद्धा कदाचित तग धरून राहिला असता. झाकण दाब सोडत होतं, त्यामुळे पंपाच्या ओढीला रोखणारं काहीच उरलं नव्हतं. दोन किरकोळ वस्तूंनी मिळून तीन महागड्या वस्तूंना निकामी ठरवलं होतं. सुट्या सुट्या तपासल्या असत्या तर दोघींपैकी एकीवरही कोणी एवढा आरोप ठेवला नसता.

गाडीच्या मॉडेलचा, साच्यातला पाइप मागवला आणि आत स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग घातली. 0.9 चं नवं झाकण लावलं. आतलं पाणी विटकरी रंगाचं होतं, कारण मध्ये बरेच दिवस नुसतं पाणीच भरत आले होते. स्वच्छ पाणी निघेपर्यंत फ्लश केलं, मग कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं भरलं. गाडीचं तोंड चढाकडे करून, हीटर पूर्ण उघडा ठेवून हवा काढली. हवा काढायचं काम घाईत केलं तर इंजिनात हवेचा फुगा अडकतो, आणि चांगली दुरुस्त केलेली गाडी परत तापून येते.

तोच लोड घेऊन पुन्हा तोच चढ. चालक स्टिअरिंगवर, पण डोळे रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त, मला दोनदा सांगावं लागलं की समोर बघा. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. वर पोचून मोजलं तर वरचा पाइप नव्वदीत आणि खालचा त्याहून दहा-बारा अंशांनी कमी. त्याने बॉनेटवर हात टेकवला आणि काहीच बोलला नाही. मलाही बोलवेना.

एक गोष्ट मात्र त्याला स्पष्ट सांगून ठेवली. इंजिन इतक्या वेळा तापल्यावर गॅस्केटला किंवा हेडला काहीच झालं नसेल, अशी हमी मी देऊ शकत नाही. आज तरी त्याची खूण नाही. ऑइल मी बदलून दिलं, कारण तापलेल्या इंजिनातलं ऑइल लवकर खराब होतं. आणि रोज सकाळी, गाडी स्टार्ट करायच्या आधी, कूलंटच्या बाटलीतली पातळी बघायची. बाहेर कुठे थेंब न दिसता पातळी कमी होत गेली, किंवा थंड इंजिन स्टार्ट करताच वरचा पाइप हाताला कडक लागला, तर गाडी न चालवता मला फोन करायचा. तेव्हा हेड उतरवू.