परीक्षेच्या दिवसांतलं केंब्रिज

मे महिना, पुण्याचे 18 पर्यटक, त्यांतले सहा जण सत्तरीपुढचे, आणि हातात एकच दिवस. केंब्रिजमध्ये हे परीक्षांचे दिवस. बरीच कॉलेजं तेव्हा पाहुण्यांना आत घेत नाहीत, म्हणून कार्यक्रम मी नदीवरून आखला होता.

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून जलद गाडी 50 मिनिटांत पोचवते. शेजारच्या सेंट पँक्रसची गाडी थांबत थांबत जाते, अर्धा तास जास्त खाते. सकाळची गर्दी सरल्यावर निघालं की तिकीट स्वस्त पडतं, त्यात तीन ते नऊ जणांनी एकत्र काढलं तर एक तृतीयांश सूट. आम्ही नऊ-नऊचे दोन गट केले. तरी एका काकांनी सवयीने ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-ट्रेनचं प्रवास कार्ड) लावून फाटक ओलांडलंच. ते कार्ड केंब्रिजपर्यंत चालत नाही. गाडीत बसण्याआधी लक्षात आलं म्हणून कर्मचाऱ्याला सांगून निस्तरता आलं; केंब्रिजला उतरून कळलं असतं तर दंड ठरलेला.

स्टेशन गावापासून दोन किलोमीटर लांब. चालायला 25 मिनिटं लागतात, पण वाटेत बघण्यासारखं फार नाही. ज्येष्ठांचे पाय दुपारसाठी राखायचे, म्हणून सरळ बस धरली.

मिल लेनच्या धक्क्यावरून पंट घेतली. ही सपाट तळाची होडी नावाडी लांब काठीने नदीचा तळ रेटत चालवतो. एकीत बारापर्यंत माणसं बसतात, आम्ही दोन घेतल्या. चढताना एकेकाने, पाय होडीच्या मधोमध ठेवून. दोघे एकाच कडेवर उभे राहिले की ती कलते. स्वतः चालवणाऱ्यांची काठी चिखलात रुतते आणि माणूस तिलाच धरून बसतो. तेव्हा काठी पिळून ओढायची, नाहीच निघाली तर सोडून द्यायची. पाऊण तासात क्वीन्स, किंग्ज, क्लेअर, ट्रिनिटी, सेंट जॉन्स अशी कॉलेजं मागच्या अंगाने दिसली. मला तर हेच केंब्रिज जास्त आवडतं. क्लेअरचा 1640 चा दगडी पूल खालूनच पाहावा.

मग सेनेट हाउस, विद्यापीठाची समारंभांची इमारत. गणिताच्या परीक्षेचा निकाल पूर्वी इथे क्रमवार जाहीर व्हायचा. 1899 मध्ये पहिला क्रमांक विभागून मिळवणारे सिनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मूळचे दापोलीजवळच्या मुर्डीचे, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. गटातल्या तिघी फर्ग्युसनच्याच. त्या कुंपणापाशी कितीतरी वेळ थांबल्या. फोटोसाठी मागे सरकताना तेवढं जपावं लागतं, सायकली आवाज न करता येतात.

किंग्ज चॅपलमध्ये टर्म चालू असताना संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला तिकीट लागत नाही. त्या दिवशी ती साडेपाचला होती. आम्ही पावणेपाचला रांगेत उभे राहिलो. प्रार्थना चालू असताना फोटो काढायचे नाहीत, हे बाहेरच सांगून ठेवलं. 1515 मध्ये पुरं झालेलं ते पंख्यासारखं दगडी छत सगळ्यांनी बसल्या जागेवरून, माना वर करून पाहिलं.