घाटावरचा समुद्र

कोल्हापूरचा आणि समुद्राचा संबंध काय म्हणाल तर तसा काहीच नाही, आपण साडेपाचशे मीटरवर, मध्ये सह्याद्री आडवा, आणि समुद्र बघायचाच झाला तर गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरायचा, तारकर्लीला दोन दिवस राहायचं, सुरमई हाणायची आणि काळंठिक्कर होऊन परत यायचं. त्यात आपण मटणवाली माणसं. तरी राजारामपुरीतल्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी सध्या दोनशे लिटर समुद्र उभा आहे आणि रोज संध्याकाळी भाजी फोडणीला टाकायच्या आधी मी त्याची खारटपणाची पातळी बघते.

लोकांना वाटतं मासे पाळलेत. मलाही आधी तसंच वाटायचं. पण रीफ टँक (घरातली खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची टाकी) प्रकरणात मासा हा सगळ्यात शेवटचा पाहुणा असतो, त्याच्या आधी पाळायचं असतं ते पाणी, आणि पाणी पाळणं हे काय काम आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीन असतं, फॉस्फेट असतं, शेवाळाची चंगळ होते. पिण्याचं आरओपण तसंच्या तसं चालत नाही कारण त्यात थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणून पुढं उरलेले क्षार धरणारी अजून एक रेझिनची नळी लावायची आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणायचा. त्यात लिटरला साधारण पस्तीस-अडतीस ग्रॅम मीठ. डब्यातलं मीठ नाही हां, या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, समुद्रात जे जे असतं ते बऱ्यापैकी त्याच हिशोबात घातलेलं असतं आणि किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं एवढ्यात घरच्या लोणच्याचं चार वर्षांचं मीठ आलं असतं." आलं असतं, खरंय. आणि आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना तीन-चार लिटर बाहेर फेकतो, ते बादलीत धरून फरशी, गाडी, बाथरूम सगळं त्यातच चाललंय, एवढी स्वच्छ गाडी आमची आधी कधीच नव्हती.

मग रिफ्रॅक्टोमीटर, खारटपणा मोजायचं यंत्र. वीतभर लांबीची दुर्बीण म्हणा, तिच्या तिरक्या काचेवर ड्रॉपरनं एक थेंब टाकायचा, वरचं झाकण हळूच बसवायचं (मध्ये बुडबुडा राहिला की वाचन फसतं), खिडकीकडं तोंड करून एक डोळा मिटायचा. आत वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्हीच्या मधली रेष ३५ वर (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे दुसऱ्या, घनतेच्या पट्टीवर १.०२६ च्या आसपास, आली की समुद्र जमला. ही रेष बघायला मला का कोण जाणे फार आवडतं. नवरा म्हणतो, मासे आणायच्या आधीच तुला जे बघायचं होतं ते मिळालंय.

पण ती रेष एका जागी थांबत नाही. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. त्यामुळं टाकीतली पातळी बोटभर खाली गेली म्हणजे समुद्र कमी झाला नाही, जास्त खारट झाला, आणि भर घालायची ती साध्या शून्य टीडीएसच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. ऐकताना सोपं वाटतं पण घरी आलेल्या प्रत्येकाला हे उलटंच वाटतं, खाऱ्या टाकीत गोडं पाणी ओतताना बघून शेजारचे काका दर वेळी दचकतात.

आता यातली सगळ्यात अवघड गोष्ट, मोकळी टाकी. पाणी झालं, तापमान झालं, दगड रचले, वाळू टाकली, पंप फिरायला लागला, आणि आता चार-सहा आठवडे काही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही. चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजतं, त्यातून अमोनिया होतो, तो खाणारे बॅक्टेरिया हळूहळू दगडावर वस्ती करतात आणि त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया येऊन त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढून टाकता येतं. ही साखळी बसली नाही आणि आधीच मासा सोडला तर तो आपल्याच अमोनियात गुदमरतो, कारण मासे अमोनिया बाहेर टाकतात तो मुख्यत्वे कल्ल्यांतून. तर तोवर टेस्ट किटच्या काचेच्या नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, थेंब मोजायचे, हलवायचं, थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवटलं तर आहे.

आपल्याकडं एवढा धीर कुणाला आहे हो? गाडी घेतली की त्याच दिवशी जोतिबाला नेणार, एखादी गोष्ट भारी आहे म्हटलं की आत्ताच्या आत्ता पाहिजे. जो येतो तो विचारणार, "वैनी, मासं कुठायत?" एका पाहुण्यानं तर दगडांमागं वाकून शोधलं. शेवटी काकांनीच माझी बाजू घेतली, ते तालमीत वाढलेले, म्हणाले पोरगं तालमीत घातलं म्हणून कोण लगेच खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवत नाही. त्यानंतर मी हेच वाक्य सगळ्यांना ऐकवायला लागले.

आणि खरं सांगू, ती टाकी मोकळी नव्हतीच. एका ओळखीच्यांनी त्यांच्या जुन्या टाकीतला मूठभर दगड दिला होता. रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलचा टॉर्च काचेला तिरका लावला तर काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसले, जिऱ्याच्या दाण्याहून कितीतरी बारीक, थांबून थांबून झटक्यानं पुढं जाणारे, ते कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे अगदी बारीक नातेवाईक. दगडाच्या भोकातून एक केसाळ किडा अर्धा बाहेर आला आणि उजेड पडताच रबर सोडल्यासारखा आत. मग वाळूवर तपकिरी थर आला, घाण दिसतो पण तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा, नव्या टाकीत येतो आणि त्याचं खाणं संपलं की बऱ्याचदा जातो, त्याला औषध घालत बसायचं नसतं. इंटरनेटवर प्रत्येक गोष्टीला बाटली विकणारे बसलेत, माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष बाटल्यांपासून लांबच राहावं.

दगडांवरून आठवलं. घरात प्रत्येकाची एकच आयडिया, मालवणला जातोयच तर येताना दगड आणि चार कॅन पाणी घेऊन येऊ, फुकटात काम. पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात किनाऱ्याजवळ खाड्यांचं गोडं पाणी मिसळतं आणि गाळही असतो. आणि दगड, म्हणजे प्रवाळ, तर विसराच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारी सगळी प्रवाळं शेड्यूल वनमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. त्यामुळं माझे दगड माणसानं बनवलेले, आणि दगडांवर आहे ते मशरूम कोरल, खऱ्या प्रवाळाचं बिनसांगाड्याचं चुलत भावंड, तेही त्याच ओळखीच्यांच्या टाकीत वाढलेलं. ते सरकताना मागं पायाचा तुकडा सोडतं आणि त्यातून नवीन उगवतं. सोशिक जीव.

सोशिक म्हटलं तरी उन्हाळ्यात त्याचं काय होणार ही धास्ती होतीच. यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात साखर करून यांना घालतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरंफटक होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला मोठ्या प्रमाणावर हेच झालं. टाकीत २५-२६ अंश पाहिजेत आणि आमच्याकडं एप्रिलात बाहेर ३७-३८. पाणी थंड करणाऱ्या चिलरचा भाव ऐकून मी फोन ठेवला आणि पाण्यावर दोन छोटे कॉम्प्युटरचे पंखे लावले. उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं, दोन-तीन अंश उतरतात. आणि यात एक गंमत आहे, ही युक्ती कोरड्या हवेत चालते. मालवणात एप्रिलातही हवा दमट, तिथं पंखा नुसता फिरणार, घाटावर मात्र आपली हवा कोरडी असल्यामुळं तो कामाला येतो. समुद्र सांभाळायला समुद्रापासून लांब असणं फायद्याचं, हे मी मालवणच्या एका मैत्रिणीला ऐकवलं तर तिला अजिबात पटलं नाही.

पंख्यामुळं पाणी अर्थातच जास्त उडतं. म्हणून शुद्ध पाण्याचे कॅन कायम भरून ठेवते. २०१९ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराला पुरानं वेढलेलं असताना नळ कोरडे होते, तेव्हा टाकी नव्हती माझ्याकडं, पण ते डोक्यातून जात नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पहिला नंबर पंपाचा, कारण पाणी हललं नाही की ऑक्सिजन उतरतो. टीव्ही दोन नंबर. यावरून घरात चर्चा झालेली आहे.

शेवटी मासे आले, क्लाउनफिशची जोडी. समुद्रातून पकडलेली नाही, पैदास केलेली, सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं केरळात विळिंजम आणि तमिळनाडूत मंडपमला हे तंत्र कधीच बसवलंय. यांच्यात सगळे जन्मतः नर, त्यातला वरचढ असतो तो मादी होतो, मादी गेली तर तिचा नर मादी होतो. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या जरा वेळ टाकीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे घर चालवायचं असेल तर बाईच व्हायला लागतंय." त्या दिवसापासून मोठीला त्या मालकीणबाई म्हणतात.

परवा सांगलीला लग्नाला जायचं होतं तर टाकी काकांच्या नातवाकडं सोपवली. काचेवर मार्करनं रेष मारून दिली, रेषेपर्यंत कॅनमधलं पाणी ओतायचं, खाणं चिमटीत मावेल एवढंच, बाकी कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी हळद चालू असताना त्याचा फोन, "काकू, पाणी घातलं रेषेपर्यंत. आता?"

म्हटलं आता काही नाही.

"मीठ चिमूटभर?"

"नाही रे बाबा."

"बरं," म्हणाला, "पण आजोबा विचारायलेत, खासबागेत कधी उतरवायचं?"