सीजे-३बी जीप, भाग ७ : सेकंड गिअर सुटण्याचं कारण सापडलं

सापडलं! चार महिने छळणारं कारण काल रात्री हाताला लागलं. अक्षरशः हाताला.

मागे लिहिलंच होतं. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की सेकंडचा दांडा खटकन न्यूट्रलला. चढताना एकदाही नाही. गिअरचं गुणोत्तर सेकंडला १.५५ आणि मागच्या हौसिंगमध्ये (ॲक्सलमध्ये) ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे आठांहून जास्त फेरे. ती सगळी पकड एका खटक्यात जाते आणि उरतात चार ड्रम ब्रेक. मागच्या सीटवर आई बसलेली असताना हे झालं, तेव्हापासून मी घाटात जाणंच बंद केलं होतं.

गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या पॉपेटच्या गोळ्या, स्प्रिंग बदलून झाल्या होत्या. फरक शून्य. उतारावर चाकं इंजिनला फिरवतात, ताकद गिअरबॉक्सच्या त्याच शाफ्टमधून उलटी येते आणि दातांची दुसरी बाजू भार घेते. तीच बाजू झिजली असणार असं धरून मी गिअरबॉक्स उतरवायला निघालो होतो. तेवढ्यात अंबडच्या मिस्त्रीकाकांचा फोन आला. "अरे, आधी ट्रान्सफर केसचं मागचं पीटीओचं झाकण तरी उघड!" ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा, ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा. पीटीओ म्हणजे इंजिनची ताकद बाहेरच्या यंत्राला देण्याची जोडणी.

तेल काढलं, झाकण सोडलं. लेकीने बॅटरी धरली. मेनशाफ्टच्या (गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या) टोकाचा, खाचांचा कॅसल नट चिमटीत धरला तर फिरला! नट फिरू न देणारी स्प्लिट पिन जागेवर नाही, तिचा तुकडा तळाच्या तेलात. हाच नट ट्रान्सफर केसचा पहिला गिअर शाफ्टवर आवळून धरतो. तो ढिला पडला की अख्खा शाफ्ट मागेपुढे सरकतो आणि सेकंडचा गिअर शाफ्टशी जोडणारी स्लीव्ह दातांवर पूर्ण बसतच नाही. बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा डायल गेज लावला, खेळ एक मिलिमीटरच्या वर. नवा नट, नवी पिन, पुन्हा मोजलं, काटा जेमतेम हलला. तो काटा आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो.

नाशिकच्या द्वारकेजवळून आणलेली सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी रिंग) मात्र परत केली. गिअरच्या शंकूवर (कोनवर) बसवली तर डुगडुगते. असला स्वस्त माल मी तरी बॉक्समध्ये घालणार नाही. गिअर ऑइल जीएल-४ दर्जाचं, ९० नंबरचंच भरलं. जीएल-५ मधलं गंधक पितळी रिंगा खाऊ शकतं, त्यामुळे दुकानदार काहीही म्हणो.

आज पहाटे दिंडोरी, वणी करत नांदुरी गाठली. वर जाऊन देवीला नमस्कार केला आणि सेकंडला उतरलो. दांड्यावर हात न ठेवता! शेवटच्या वळणापर्यंत टिकला, तिथे खड्ड्यात आदळल्यावर एकदाच सुटला. म्हणजे दातही गेलेत. सेकंडचा गिअर आणि स्लीव्ह जोडीनेच बदलावी लागणार, बॉक्स दिवाळीत उतरवतो.

पण त्या झाकणाच्या भोकात डोकावताना दुसरंच डोक्यात आलं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा जोडगिअर, तिथेच बसतो ना? हायवेला ५.३८ मुळे इंजिन किती ओरडतं, तुम्हाला माहीतच आहे. बॉक्स खाली येणारच आहे तर दोन्ही कामं एकदम उरकावीत. कुणाकडे जुना ओव्हरड्राइव्ह पडून असेल तर कळवा, दात बघायला मी स्वतः येतो.