वाट कुणाच्या शेतातून जाते

"तुर्कमेनिस्तानात एवढा गॅस आहे म्हणता, नकाशावर तर तो देश अफगाणिस्तानला लागूनच दिसतो, मग तो गॅस आपल्याकडे का येत नाही? आणि रशिया, चीन, अमेरिका त्या भागासाठी एवढे झगडताहेत, त्यात शेवटी जिंकलं कोण?"

गॅसवाहिन्यांच्या कामातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण हा प्रश्न पाठ सोडत नाही. व्याख्यानानंतर चहा पिताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो, तर शेजारच्या काकांनीही हेच विचारलं. दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे उत्तर नाही आणि अर्धवट सांगितलं की मलाच चुटपुट लागते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीनं लिहितो.

सुरुवात माझ्या मामांच्या उसापासून करतो. मामांचं शेत आतल्या अंगाला. विहिरीला बारमाही पाणी, ऊस असा की माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. पण गाडीरस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून. एका वर्षी ऐन तोडणीच्या वेळी शेजाऱ्यानं वाटेवर काटे टाकले. मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज केला, पंचनामा झाला, वहिवाट सिद्ध झाली, रस्ता मोकळा झाला. तोवर उसाला तुरे आले होते आणि वजन घटलं होतं. शेजाऱ्यानं एक कांडं चोरलं नाही. तरी त्या वर्षी मामांच्या हातात किती पैसे यायचे, ते त्यानंच ठरवलं.

कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान हे तिन्ही देश असे आतल्या शेतासारखे आहेत. उझबेकिस्तानची गत तर अशी की त्याच्या एकाही शेजाऱ्याला खुला समुद्र नाही. कॅस्पियन आहे, पण तो चारी बाजूंनी बंद. सोव्हिएत काळात सगळे पाइप उत्तरेला, रशियाकडे टाकले गेले. 1991 मध्ये हे देश स्वतंत्र झाले तेव्हा विहिरी त्यांच्या झाल्या, वाट मात्र दुसऱ्याच्याच हातात राहिली. आणि देशांच्या भांडणात काटे काढायला तहसीलदार येत नाही.

आता एक घटना जरा जवळून बघू, कारण माझ्या मते सगळं उत्तर तिच्यात आहे. 2008 पर्यंत तुर्कमेनिस्तानच्या गॅसचं मोठं गिऱ्हाईक एकच, रशियाची गाझप्रोम. ती तो गॅस घेऊन युरोपच्या बाजारातली आपली गरज भागवायची. 2009 साठी तिनं चढा भाव कबूल केला आणि नेमकी जागतिक मंदी आली. युरोपची मागणी घसरली, महागाचा गॅस अंगावर पडला. 9 एप्रिल 2009 रोजी तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तान सीमेजवळ रशियाकडे जाणाऱ्या गॅसवाहिनीचा स्फोट झाला. तुर्कमेनिस्तानचं म्हणणं असं की गाझप्रोमनं पुरेशी सूचना न देता गॅस घेणं एकदम कमी केलं.

हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्या काय आहे, ते वाहिनीवर काम केलेल्या माणसाला लगेच कळतं. कॉम्प्रेसरच्या पुढच्या पाइपाजवळ उभं राहिलं की अंगाला ऊब लागते, इतका तो गॅस दाबून तापलेला असतो. तो शेकडो किलोमीटर ढकलत न्यायचा. पलीकडच्यानं घेणं कमी केलं आणि अलीकडचा ढकलतच राहिला, तर पाइपात दाब चढत जातो. म्हणून दोन टोकांच्या कंट्रोल रूममध्ये फोन सतत चालू असतो. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, घेणं कमी करायच्या आधी कळवायचं. दोन देशांमधला तो फोन वेळेवर झाला की नाही, यावरून पुढे वर्षभर भांडण चाललं. वाहिनी दुरुस्त झाली तरी खरेदी थांबलेलीच होती. पुढच्या जानेवारीत ती सुरू झाली, तीही आधीपेक्षा खूपच कमी. देशाच्या कमाईचा मुख्य झरा असा महिनोन् महिने आटला.

त्या स्फोटानंतर आठ महिन्यांनी, 14 डिसेंबर 2009 रोजी, तुर्कमेनिस्तानातल्या समानदेपे इथे चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ आणि तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान या तिघांचे अध्यक्ष यांनी मिळून नव्या वाहिनीचा व्हॉल्व्ह उघडला. उझबेकिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून चीनच्या सीमेवर खोर्गोसला पोचणारी ही वाट सुमारे 1,830 किलोमीटरची. आज तीन समांतर पाइप मिळून तिची क्षमता वर्षाला 55 अब्ज घनमीटर आहे. तुर्कमेनिस्तानातल्या गल्किनिशसारखं जगातल्या सगळ्यात मोठ्या गॅसक्षेत्रांपैकी एक क्षेत्र उभारायला चिनी बँकेनं कर्ज दिलं, त्याची फेड गॅसनं. रशियाच्या बांधावरून सुटका झाली, पण नवीन वाटेच्या टोकालाही गिऱ्हाईक एकच. भाव ठरवताना एकुलत्या गिऱ्हाइकासमोर काय होतं, ते कांदा घेऊन बाजार समितीत गेलेल्या माणसाला विचारा.

तेलाची तऱ्हा वेगळी. कझाकस्तानच्या तेंगिझ क्षेत्रात 1993 पासून अमेरिकी शेव्हरॉन आहे, निम्मा वाटा तिचा. पण कझाकस्तानच्या निर्यातीतलं जवळपास 80 टक्के तेल रशियातल्या नोव्होरोसिस्क बंदरावरूनच बाहेर पडतं. जून 2022 मध्ये कझाक अध्यक्ष तोकायेव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गला, पुतिन शेजारी बसलेले असताना, रशियाच्या पाठिंब्यानं युक्रेनपासून फुटलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या भागांना मान्यता देणार नाही असं सांगितलं. त्यानंतर महिनाही उलटला नसेल, एका रशियन न्यायालयानं पर्यावरणाच्या नियमांचं कारण देऊन त्या बंदराला जाणारी तेलवाहिनी 30 दिवस बंद ठेवायचा आदेश दिला. अपिलात आदेश फिरला, दंडावर भागलं. या दोन गोष्टींचा संबंध कुणी कागदावर मान्य केलेला नाही. मला स्वतःला तो योगायोग वाटत नाही.

म्हणून कोण जिंकलं याचं एका नावात उत्तर देता येत नाही. गॅसचं गिऱ्हाईक चीन, तेलाची वाट रशियाकडे, मोठ्या तेलक्षेत्रांत पैसा आणि तंत्र अमेरिकेचं आणि युरोपचं. या तिघांना एकमेकांविरुद्ध तोलत स्वतःचा भाव राखायची धडपड मात्र तिथली सरकारं करत असतात, आणि आपण ती फारशी बघत नाही. 2012 च्या नोव्हेंबरात ओएनजीसीच्या परदेशी शाखेनं कॅस्पियनमधल्या कशागान क्षेत्रातला 8.4 टक्के वाटा सुमारे 5 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांची छाती भरून आली होती. पुढच्या वर्षी कझाक सरकारनं आपला अग्रहक्क वापरून तो वाटा स्वतः घेतला आणि शी जिनपिंग तिथे आले असताना चिनी कंपनीशी करार केला. मला फार लागलं होतं ते. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्यांच्या जागी आपण असतो तर पाइप टाकून देणाऱ्यालाच दिला असता.

या सगळ्यात माझा जीव अडकतो तो दुसऱ्याच जागी. झानाओझेन हे कझाकस्तानचं तेलावर उभं राहिलेलं गाव. डिसेंबर 2011 मध्ये तिथे संपकरी तेलकामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जानेवारी 2022 मध्ये त्याच गावात लोक रस्त्यावर आले, कारण गाडीत भरायच्या एलपीजीचा भाव लिटरला 60 तेंगेवरून 120 झाला होता. वणवा देशभर पसरला आणि सरकारी आकड्यानुसार दोनशेहून जास्त माणसं गेली. पुढच्या जानेवारीत उझबेकिस्तानचं राजधानीचं शहर ताश्कंद गोठलं. घरांना गॅस नाही, विजेचा पत्ता नाही, पेट्रोलला रांगा, शहराच्या प्रमुखाला पदावरून काढलं. जो देश कालपर्यंत गॅस विकत होता, त्यानं ऑक्टोबर 2023 पासून रशियाचा गॅस घ्यायला सुरुवात केली, तोही जुन्या सोव्हिएत वाहिनीतूनच, प्रवाह उलटा फिरवून. वाहिनी उलटी चालवायची म्हणजे कॉम्प्रेसर स्टेशनांची जोडणी बदलावी लागते, मोजमापाची यंत्रं बदलावी लागतात. ते काम करणाऱ्या तिथल्या म्हाताऱ्या इंजिनिअरांचा मला राहून राहून विचार येतो. तरुणपणी ज्या टोकाकडे त्यांनी गॅस पाठवला, त्याच टोकाकडून तो आता घरी आणायचा.

आता आपल्याकडे का येत नाही ते. तापी (तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, इंडिया यांची आद्याक्षरं) नावाची वाहिनी 1990 च्या दशकापासून कागदावर आहे. लांबी 1,814 किलोमीटर. त्यातले 214 तुर्कमेनिस्तानात, 774 अफगाणिस्तानात आणि 826 पाकिस्तानातून आपल्या पंजाबमधल्या फाझिल्क्यापर्यंत. युनोकाल या अमेरिकी कंपनीनं तालिबानशी बोलणी केली आणि 1998 मध्ये अंग काढून घेतलं. डिसेंबर 2015 मध्ये तुर्कमेनिस्तानातल्या मारी इथे भूमिपूजन झालं, आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. सप्टेंबर 2024 मध्ये तुर्कमेनिस्तानच्या सीमेवरचं सेरहेताबाद ते अफगाणिस्तानातलं हेरात या सुमारे दीडशे किलोमीटरच्या टप्प्याचं काम अफगाण बाजूनं सुरू झालं. गॅस आहे, घ्यायला आपण आहोत, पण मध्ये दोन बांध आहेत. आणि या वाटेसाठी कर्ज देऊन वर्षानुवर्षं थांबायला तयार असलेला, चीनसारखा सावकारही इथे कुणी पुढे आलेला नाही.

दवाखान्यातल्या काकांनी शेवटी विचारलं, "आपल्या हयातीत येईल का हो तो?" त्यांचा नंबर लागला होता, पण ते उत्तरासाठी थांबले. मी म्हटलं, हेरातपर्यंत येईल असं वाटतं. फाझिल्क्यापर्यंत नाही.