आर्द्राच्या पावसात बिना संगम

आर्द्राचे दमदार पाऊस पडून गेल्यावर एका रविवारी पहाटे नागपूरहून निघालो आणि कामठीवरून खापरखेड्याच्या बाजूला वळून बिना संगमावर पोहोचलो. येथे पेंच आणि कोलार कन्हानला मिळतात. तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथे अडवलेल्या पेंचेचे पाणी एरवी इथवर बेताचेच येते. त्या सकाळी मात्र सगळा संगम गढूळ होऊन वाहत होता आणि काठावर गळ टाकून बसलेल्या हौशी मंडळींची दाटी होती.

या दिवसांत मासा सहज लागतो, पण त्याचे कारणच काळजीचे आहे. रोहू, कतला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पुराचे नवे पाणी आले की ते प्रवाहाविरुद्ध चढतात आणि काठालगतच्या उथळ पाण्यात अंडी सोडतात. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी कटक येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे बीज, म्हणजे पिल्ले, मिळवून दाखवले, तेव्हापासून तळ्यांत मासे पाळणाऱ्यांची सोय झाली. नदीची भिस्त अजूनही पावसाळ्याच्या या थोड्या आठवड्यांवरच आहे, म्हणून हौसेचा गळ तेवढे दिवस गुंडाळून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे, त्या ढिवर बांधवांना हा उपदेश आपण करू नये.

थोडे पुढे, लव्हाळ्याच्या आडोशाला संथ पाण्यात, लालसर पिल्लांचा एक पुंजका वर येऊन श्वास घेत होता आणि पुन्हा खाली जात होता. ही मरळीची पिल्ले. त्यांच्याखाली आईबाप राखणीला असतात आणि जवळ आलेल्या कशावरही भुकेने नव्हे, तर रागाने झडप घालतात. राखणदार गळाला लागला की इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात. एक तरुण नेमका तेथेच बेडकाचे आमिष फेकू लागला, तेव्हा जाळे सुकवत बसलेले एक काका म्हणाले, “पिल्लं आहेत भाऊ तिथं, तिकडं नको टाकू न.” त्याने मुकाट्याने दोरी गुंडाळली.

त्याच्या सोबत्याला मात्र अंड्यांनी पोट फुगलेली मृगळ लागली. त्याने गळाची मागे वळलेली अणी पकडीने आधीच दाबून टाकली होती, त्यामुळे काटा अलगद सुटला. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग जडतो, म्हणून त्याने हात ओले केले, पोटाखाली आधार दिला आणि तोंड प्रवाहाकडे करून मासा पाण्यातच धरून ठेवला. कल्ले नीट हलू लागल्यावर तिने शेपटीचा फटका मारला आणि ती गढुळात दिसेनाशी झाली.

“दिवाळीनंतर या,” काका त्या दोघांना म्हणाले, “तेव्हा पाणीही नितळ असते.”