तुम्ही विचारलंत म्हणून: मग आधीचे हात खोटे होते का?

लग्नात विचारतात, मयतीनंतरच्या चहाला विचारतात. सेमिनरीत शिकणारा कुणाचा तरी मुलगा आईकडून नंबर घेऊन फोन करतो आणि विचारतो. वसईचा माझा कॅथलिक मित्र दर नाताळात विचारतो, तोही गालातल्या गालात हसत. प्रश्न एकच. तुमचे आजोबा आधीच दीक्षा झालेले, म्हणजे डोक्यावर हात ठेवून रीतसर नेमलेले, पाळक होते ना? मग वेगवेगळ्या मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाल्यावर त्यांनी पुन्हा डोक्यावर हात का ठेवून घेतले? म्हणजे आधीचे हात खोटे होते का?

आजवर मी ‘तसं नव्हतं हो ते’ म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून काढते.

नाही, खोटे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या रिवाजाप्रमाणे नगर जिल्ह्यातल्या शेजारच्या मंडळ्यांचे (म्हणजे चर्चांचे) पाळक आणि प्रतिनिधी जमले, त्यांनी आजोबांची परीक्षा घेतली, प्रार्थना केली, हात ठेवले. मंडळीने बोलावलं होतं, मंडळीने स्वीकारलं. काँग्रिगेशनल माणसाला, म्हणजे बिशप न मानता मंडळीनेच आपला कारभार बघणाऱ्या पंथातल्याला, दीक्षेसाठी याहून जास्त काही लागत नाही. हे उत्तर मी केव्हाही, कुणापुढेही देईन. अडतं ते पुढच्या वाक्याशी: मग दुसऱ्यांदा कशाला?

विचारणाऱ्यांना वाटतं, हा घोळ फक्त आपल्याच घरात झाला. तो साडेतीनशे-चारशे वर्षं चाललाय. १६१० साली स्कॉटलंडच्या तीन पाळकांना बिशप करायला लंडनला बोलावलं. त्यांची दीक्षा बिशपच्या हातची नव्हती. इंग्लिश बिशप लॅन्सलॉट अँड्र्यूज यांनी हरकत घेतली की आधी यांना रीतसर प्रीस्ट करा, मग बिशप. कँटरबरीचे आर्चबिशप बँक्रॉफ्ट म्हणाले, गरज नाही. जिथे बिशप मिळतच नव्हते तिथे प्रेसबिटरांनी, म्हणजे साध्या पाळकांनी, दिलेली दीक्षा मानलीच पाहिजे, नाहीतर युरोपातल्या सुधारलेल्या मंडळ्यांपैकी बहुतेकांना पाळकच नाहीत असं म्हणावं लागेल. विषय मिटला. पण १६६१ मध्ये त्याच लंडनमध्ये, तशाच कामासाठी आलेल्या जेम्स शार्प आणि रॉबर्ट लेटन यांना आधी डीकन, मग प्रीस्ट (बिशपखालच्या दोन पायऱ्या) असं पहिल्यापासून करायला लावलं. मधल्या काळात यादवी झाली होती, राजाचं डोकं उडालं होतं, बिशप हद्दपार होऊन परत आले होते. परत आलेला माणूस कुलपं जास्त लावतो.

शार्प यांनी कुरकुर केली. लेटन यांनी केली नाही. त्यांचं म्हणणं असं की, यांच्या घरात यायचं तर यांच्या दारातून यायचं. त्याने माझं आधीचं पाळकपण रद्द होत नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये कायदा झाला, बिशपच्या हातची दीक्षा नसलेल्याने चर्चमध्ये पद धरायचं नाही. प्रार्थनापुस्तकाच्या सक्तीसकट त्या सगळ्या प्रकरणात दोनेक हजार पाळक बाहेर पडले. त्यातले एक जॉन हाऊ. बिशप त्यांना म्हणाले, दोनदा दीक्षा घेतली तर दुखतं कुठे? हाऊ म्हणाले, माझ्या बुद्धीला दुखतं. एका गोष्टीला दोन सुरुवाती असू शकत नाहीत.

मी विशीत असताना हाऊ यांच्या बाजूची होते. तरुण संघाच्या शिबिरात एकदा आजोबांचं नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल अशा बेताने, मान तुकवणाऱ्या पिढीवर मी बोलले होते. टाळ्याही पडल्या. विशीतल्या त्या मुलीशी माझं भांडण अजून चालू आहे, आणि ती दरवेळी हरत नाही.

आता ती गोष्ट. ती आजोबांनी मला कधीच सांगितली नाही, आत्याने सांगितली.

आत्या दिली होती एसपीजीच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या मिशनच्या, घरात. नगरच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. एकाच गावात, कधी एकाच भावकीत, अमेरिकन मिशनचे आणि एसपीजीचे. हे काँग्रिगेशनल, ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, बिशप मानणारे. सोयरिकी होत होत्या, भाकरी एकत्र खाल्ली जात होती, फक्त प्रभुभोजनाचं टेबल वेगळं. साठच्या आसपासची गोष्ट. आत्याला पहिला मुलगा झालेला. ईस्टरला आजोबा तिच्या गावी गेले. आपल्या मंडळीची उपासना दुसऱ्या पाळकांकडे सोपवून गेले, हेही नवलच. सकाळी आत्याने म्हटलं, माझ्या शेजारी बसा. ते बसले.

आमच्याकडे बाकावर बसल्या जागी भाकर येते, मागून छोट्या पेल्यांचा ट्रे फिरतो. तिकडे उठून पुढे जायचं, वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, उजवा तळहात डाव्यावर ठेवायचा. आजोबांना सवय नव्हती. आत्या म्हणते, त्यांनी आधी डावा हात वर ठेवला, मग शेजारच्याचं बघून बदलला. गुडघे टेकताना कठड्याला धरलं. पाद्रीसाहेब थाळी घेऊन एका टोकाकडून येत होते, प्रत्येकापाशी थांबून तेच वाक्य म्हणत होते. आजोबांपाशी आले. वाक्य म्हटलं नाही. थाळी किंचित मागे घेतली, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, आपण नंतर बोलू.” आणि पुढे सरकले. पुढे आत्या होती. तिच्या हातावर भाकर ठेवली.

“मग तू काय केलंस?” मी विचारलं होतं.

“खाल्ली,” आत्या म्हणाली. “न खाऊन काय करणार होते? सासू शेजारी होती.”

आजोबांचे हात तसेच होते म्हणे. पेला येऊन गेला तरी तसेच. रांग उठली तेव्हा उठले. नंतर पाद्रीसाहेबांनी खरंच बोलावलं, चहा दिला, फार अदबीने सांगितलं की ज्याचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा हात ठेवण्याचा विधी, बिशपच्या हातून झालेलं नाही त्याला देता येत नाही, नियम आहे, माझा नाइलाज आहे. आजोबा म्हणाले, नियम मला ठाऊक आहे. बाळाला आशीर्वाद दिला, जेवले आणि दुपारच्या एसटीने परत आले.

नियम ठाऊक होता, तर गेले कशाला? यावर आत्याचं उत्तर: मी शेजारी बस म्हटलं म्हणून. माझं विशीतलं उत्तर: त्यांना बघायचं होतं, तो माणूस तोंडावर नाही म्हणतो का. आज मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पुरत नाही. पण एवढं लक्षात घ्या. पंचवीस-तीस वर्षं ज्या माणसाने खेडोपाडी प्रभुभोजन दिलं, मरणाऱ्यांच्या खाटेशी बसून दिलं, त्याला स्वतःच्या मुलीशेजारी रिकाम्या हातांनी उठावं लागलं. पाळक म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं, हे तर राहिलंच. घेणारा म्हणूनही ते कुणी नव्हते. वैध दीक्षेवरची जाडजूड पुस्तकं वाचणाऱ्यांनी तो कठडा डोळ्यांपुढे ठेवून वाचावीत.

(ही गोष्ट सांगताना काहीजण पुढे जोडतात की ऐक्याच्या विधीत त्याच पाद्रीसाहेबांनी आजोबांपुढे गुडघे टेकले. असं काही झालेलं नाही. ते केव्हाच बदलून गेले होते.)

दक्षिणेत १९४७ साली मद्रासला ऐक्य झालं तेव्हा जुन्या पाळकांच्या डोक्यावर कुणी पुन्हा हात ठेवले नाहीत. आहेत तसे सगळे घेतले. यापुढची दीक्षा बिशप देतील, एवढंच ठरवलं. ते मला आजही जास्त सरळ वाटतं. पण त्याची किंमत पडली. इंग्लंडमधल्या कडव्या अँग्लिकनांनी कपाळाला आठ्या घातल्या, आंध्रातल्या नंद्यालकडचे बरेच अँग्लिकन बाहेर राहिले. उत्तरेतल्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. त्या लोकांनी दुसरी वाट धरली: सगळ्यांच्याच डोक्यावर सगळ्यांचे हात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला ऑल सेंट्स कथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एक झाल्या, आणि पाळकपण एक करण्याचा विधी झाला. त्यात बिशपच्या हातची दीक्षा मिरवणाऱ्यांनाही गुडघे टेकावे लागले, बॅप्टिस्टांचे, ब्रदरनांचे, आमच्या काँग्रिगेशनल माणसांचे हात डोक्यावर घ्यावे लागले. ही पुनर्दीक्षा नाही, हे योजनेत स्पष्ट होतं. मग काय आहे? ते मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकाला ज्याची गरज असेल ते देवाने द्यावं, अशा धर्तीची प्रार्थना. अँग्लिकन माणसाने समजावं की यांना आता खरी दीक्षा मिळाली. काँग्रिगेशनल माणसाने समजावं की आपण एकमेकांना आशीर्वाद दिला.

याला लबाडी म्हणणारे तेव्हाही दोन्हीकडे होते. मला ती लबाडी वाटत नाही. चाळीस वर्षं बोलून जे सुटलं नाही ते देवावर सोडलं, इतकंच. पण मोघमपणाचा फायदा शेवटी कुणाला होतो, हा प्रश्न आजीने त्याच आठवड्यात विचारला होता. आमच्या भागातला विधी आटोपून आजोबा घरी आले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “परत कशाला? इतकी वर्षं काय कच्चे होतात?” आजोबा म्हणाले, “अगं, त्यांनीही माझे हात डोक्यावर घेतले.” आजी म्हणाली, “घेतले असतील. उद्यापासून सही कुणाची चालणार?”

आजीचा मुद्दा कुणीच खोडत नाही. त्या एका दिवशी हात सगळ्यांचे सगळ्यांवर होते. त्यानंतरच्या प्रत्येक दीक्षेत बिशप असलाच पाहिजे. प्रेसबिटर सोबत हात ठेवतात, पण नुसत्या प्रेसबिटरांनी ठेवलेले हात पुरत नाहीत. म्हणजे ज्या रीतीने आजोबा पाळक झाले, त्या रीतीने या मंडळीत पुन्हा कुणी पाळक होणार नाही. त्यांची दीक्षा खोटी ठरली नाही, तिची वाट बंद झाली. तुम्ही विचारता तो प्रश्न हा असायला हवा होता, आणि तो कुणी विचारत नाही.

बिशप ही आपल्या मातीतली गोष्टच नव्हे, असं एक काका नेहमी म्हणतात आणि पंडिता रमाबाईंना साक्षीला काढतात. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला अँग्लिकन मंडळीतच झाला होता. पण त्यांनी पुरुषांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नकार कळवला, तेव्हा त्यांनी वाँटेजच्या संन्यासिनी सिस्टर जेराल्डिनला ठणकावून लिहिलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, आता दुसरं जोखड घेणार नाही. हे मला फार आवडतं. पण काका विसरतात की बाई कुणाच्या मंडळीच्या पाळक नव्हत्या. आपल्याबरोबर तीन गावं घेऊन त्यांना कुठे जायचं नव्हतं. आजोबांना होतं. त्यांनी विधीला नकार दिला असता तर ते एकटे स्वच्छ राहिले असते आणि गावातली दोन टेबलं दोनच राहिली असती. ऐक्यानंतरच्या ईस्टरला आत्याच्या गावी ते पुन्हा गेले होते. यावेळी भाकर त्यांनीच दिली. सासूलाही दिली.

लेटन यांचंही काही फार बरं झालं नाही, हे इथे सांगायला हवं. ते ज्या दारातून शिरले, त्या घरात दोन्ही बाजूंना जुळवायला गेले, आणि १६७४ मध्ये ग्लासगोच्या आर्चबिशपपदाचा राजीनामा देऊन निघून गेले.

वसईच्या मित्रासाठी एक वेगळी ओळ. तो म्हणतो, तुमचं भांडण रोमला हसू येईल असं आहे. १८९६ साली तेराव्या लिओ पोपनी अँग्लिकन दीक्षाच शून्य ठरवल्या, मग त्या बिशपने हात ठेवला काय नि न ठेवला काय. बाबा रे, हे आजोबांनाही माहीत होतं. ज्याने कठड्यापाशी नियम सांगितला, त्याच्याही वर एक कठडा आहे, ही गंमत त्यांना कळत होती. मेथडिस्टांचंही तेच. १७८४ साली त्यांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी स्वतः बिशप नसताना टॉमस कोक यांच्यावर हात ठेवले आणि अमेरिकेला पाठवलं. धाकटा भाऊ चार्ल्स याने खोचक कविता केली: कोकवर वेस्लीचे हात, वेस्लीवर कुणाचे? त्या परंपरेतून आलेले, स्वतःचे बिशप असलेले आपल्याकडचे मेथडिस्ट १९७० मध्ये अगदी शेवटच्या क्षणी ऐक्यातून बाहेर पडले. त्यांना दोष देणारी मी कोण?

राहता राहिला मूळ प्रश्न. सेमिनरीतल्या मुलाने मागच्या महिन्यात मला नेमकं पकडलं. म्हणाला, मावशी, विधीने काही दिलं असेल तर आधी ते नव्हतं, आणि काही दिलं नसेल तर विधी नाटक होता. दोन्हीपैकी एक घ्या. मी म्हटलं, लग्नाला तीस वर्षं झालेली माणसं पुन्हा एकमेकांना हार घालतात, ते नाटक असतं का? तो म्हणाला, ती हार घालायच्या आधी कुणी त्यांना कठड्यावरून उठवत नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला म्हटलं, परीक्षा झाली की घरी ये, आत्या अजून आहे, तिलाच विचार. तो येतो म्हणालाय. आत्या काय सांगेल याचा भरवसा नाही. तिला ते पाद्रीसाहेब माणूस म्हणून आवडायचे.